घडणावळ सोनाराला देतो, स्वतःची मात्र शून्य

माझ्याकडे फोंड्याला समुपदेशनासाठी ज्या बायका येतात त्यांच्यात घरी काहीतरी बनवून विकणाऱ्या बऱ्याच असतात, कोण लोणची-पापड, कोण क्रोशे, कोण केक, आणि प्रश्न फिरून फिरून एकच. वस्तू चांगली झालीय हे कळतं, पण किंमत सांगायची वेळ आली की शब्द फुटत नाही, आणि कोण बघून न घेता गेलं की तो दिवस संपलाच. मग मॅडम, मी हे बंदच करू का? त्यातल्याच एकीची गोष्ट लिहितेय, तिला विचारून, आणि ती ओळखू येईल असे तपशील बदलून.

ती चौतिशीची. टेराकोटाचे दागिने करते. माती डिचोलीची, तिथल्या कुंभारकामाचं नाव गोव्यात सगळ्यांना माहीत आहेच. ती माती मळायची, आकार द्यायचा, सावलीत काही दिवस वाळवायचं, मग परसात जुन्या डब्यात भाताचा भुसा आणि नारळाची सोडणं पेटवून भाजायचं, थंड झाल्यावर रंग, मग हूक. एकदा अबोलीच्या वळेसरासारखी, म्हणजे गजऱ्यासारखी, कानातली दाखवली तिने, इतकी बारीक पाकळी की मी चष्मा काढून परत लावून बघितली.

पण माझ्याकडे ती दागिन्यांसाठी आलीच नव्हती, आली होती झोपेसाठी. महिन्यातून एक-दोनदा कुठेतरी क्राफ्ट मेळ्यात टेबल घ्यायची आणि त्यानंतर दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. मी आधी विचारायचं ते विचारलं, भूक, रडू, जगावंसं वाटत नाही असं काही येतं का मनात. हे मी सगळ्यांनाच विचारते. उदासी रोजची असेल, दोन आठवड्यांच्या वर चालली असेल, तर मेळा नि किंमत हे सगळं बाजूला, आधी डॉक्टर, बांबोळीला मनोरुग्णांसाठी सरकारी संस्था आहे तिथे जाता येतं, किंवा टेली-मानसचा १४४१६ फोन आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. तिचं तसं नव्हतं. तिचं मेळ्याच्या आसपासच होतं सगळं.

‘काय होतं नेमकं टेबलावर?’ म्हटलं, मला करून दाखव. मी ग्राहक झाले. तिचीच कानातली उचलून विचारलं, कितीला? आणि तिने एका दमात सांगितलं, ‘एकशे वीस, पण तुम्हाला शंभरला देते, नाहीतर राहू दे, बघा तुम्ही.’ मी अजून काही बोललेच नव्हते हो! मी तोंड उघडायच्या आधी तिने वीस रुपये कमी केले आणि मला जायची वाटही काढून दिली.

का, तर तिच्या म्हणण्याप्रमाणे समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं, की मनात म्हणतायत, मातीचे एवढे पैसे? आणि पुढे, हिला काही येत नाही, उगाच बसलीय. म्हणजे समोरची बाई घ्यायचं का नाही याचा विचार करतेय, का घरी ठेवलेल्या कुकरचा, हे आपल्याला माहीत नाही, तरी तिच्या मनातलं आख्खं वाक्य आपण वाचून मोकळे. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की तो आपला अंदाज आहे हेच विसरायला होतं.

दुसऱ्या भेटीत मी वही काढली आणि हिशेब करायला लावला. मागच्या मेळ्यात वीस जोड गेले, १२० प्रमाणे २४०० आले. (शंभरला दिलेले सोडून देऊ, सगळे १२० लाच गेले असं धरू.) माती, रंग, हूक, कार्ड, पिशवी मिळून जोडीला ४० रुपये, म्हणजे ८००. टेबलाचं भाडं ८००. येण्याजाण्याचे २००. उरले ६००. खूश होती ती, म्हणाली सहाशे सुटले की. मग विचारलं, एका जोडीला हाताचा वेळ किती? मळण्यापासून हूक लावेपर्यंत साधारण ८० मिनिटं. वीस जोडांचे झाले २६ तास ४० मिनिटं, आणि मेळ्यात बसली ते १० तास. भागाकार तिनेच केला. तासाला सोळा रुपये. भाजताना तडकलेले जोड तर यात धरलेच नाहीत, आणि तडकतात, आत जरा ओल राहिली की भाजताना तिची वाफ होते नि तुकडा फुटतो, आपल्याकडच्या दमट हवेत तर जास्तच.

बराच वेळ गप्प बसली. मी विचारलं, मंगळसूत्र करून घेतलंस तेव्हा शेटकडे घडणावळ दिलीस ना? म्हणाली, दिली की. सोन्याचा भाव वेगळा, घडणावळ वेगळी, त्यावर कोणी म्हणतं का की सोनं तर सोनंच आहे, हाताचे पैसे कसले? दोन पैसे कमी करा म्हणतो फार तर. पण घडणावळ असते हे लहान पोरालाही माहीत. मग मातीला ती शून्य का? यावर तिला उत्तर सापडेना, आणि मलाही घाई नव्हती, कारण उत्तर मातीत नव्हतंच.

ते तिसऱ्या भेटीत निघालं. लग्न झाल्यावर पहिल्यांदा टेबल घेतलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘आमच्या घरच्या बायका बाजारात बसत नाहीत.’ एकदाच. परत कधी नाही, मदतही करतात, पोरांना बघतात. पण ते वाक्य तिच्या डोक्यात टेबल मांडून बसलेलं. म्हणून तिला तिथे बसल्यावर आपण विकतोय असं वाटतच नव्हतं, आपण उघडे पडलोय असं वाटायचं, आणि कोण न घेता गेलं की सासूबाई बरोबर होत्या.

इथे मला माझं मत लपवता येत नाही. आपल्या गोव्यात बाजार चालवला तो बायकांनी. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार घ्या, चवथीच्या आधीचा माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचा, बाजार घ्या, सत्तरी तालुक्यातून डोंगरातली फळं, कांगुण्या, पानं डोक्यावर आणून विकतात त्या बायका, जत्रेत खाजे घेऊन बसतात त्या, या सगळ्यांच्या जिवावर आपले सण होतात आणि तरी ‘बाजारात बसणारी’ हे आपण खालच्या आवाजात म्हणतो. हे मला फार लागतं. तिलाही मी हेच सांगितलं, समुपदेशकाने मत सांगू नये म्हणतात, पण ज्या गोष्टीने माणूस आतून खाल्लं जातंय तिथे मी गप्प बसत नाही.

मग तिला गृहपाठ दिला. शुक्रवारी म्हापशाला जा, काही विकायचं नाही, नुसतं उभं राहून ऐक की त्या बायका भाव कसा सांगतात. ती गेली, दोन तास फिरली. परत आली ती उत्साहात, म्हणाली मॅडम, त्या भाव सांगतात आणि गप्प बसतात! मिरच्या विकणारीला एकीने म्हटलं, ‘म्हारग गे बाये’, तर तिने हूं केलं आणि दुसरीला मिरच्या घालायला लागली, महाग म्हणणारी पुढे गेली, फेरी मारून परत आली, घेऊन गेली. आणि जी परत आली नाही तिच्याकडे मिरचीवालीने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. ‘तिला काहीच वाटलं नाही’ हे वाक्य तिने मला तीनदा सांगितलं.

तेव्हा मी तिला अल्बर्ट एलिस यांची गोष्ट सांगितली, विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत ज्यांनी १९५५ च्या सुमारास मांडली ते. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायची त्यांना प्रचंड भीती होती. म्हणून त्यांनी स्वतःलाच काम लावलं, न्यूयॉर्कला ब्राँक्स भागातल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. १३० जणींशेजारी बसले, ३० लगेच उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, त्यातली एक भेटायला येते म्हणाली आणि आलीच नाही. म्हणजे हाताला काही लागलं नाही, पण भीती गेली, कारण एवढे नकार येऊनही त्यांना काही झालं नाही. ती हसली, मग म्हणाली, माझे तर वीस जोड गेलेले.

पुढच्या मेळ्यासाठी दोनच गोष्टी ठरवल्या. एक, भाव २२०, आणि भाव सांगितल्यावर तोंड बंद ठेवून मनात पाच मोजायचे. हे पाच आकडे फार कठीण जातात, घरी माझ्यासमोर आम्ही पंधरा-वीस वेळा केलं, पहिल्यांदा ती दोनवरच घसरली. दुसरी, वहीत रेघा मारायच्या. एका बाजूला ‘मला वाटलं’, दुसऱ्या बाजूला ‘प्रत्यक्षात म्हणाली’. जे तोंडाने म्हटलं गेलं तेच दुसऱ्या रकान्यात, चेहरा, भुवई, नाक हे काही लिहायचं नाही.

वही घेऊन आली. भाव विचारला ३१ जणांनी. पहिला रकाना भरलेला, महाग वाटलं, हसली, मैत्रिणीला खुणावलं, वगैरे. दुसऱ्या रकान्यात ‘महाग आहे’ असं खरोखर म्हणणाऱ्या ९. त्यातल्या ३ जणींनी तरी घेतली. बाकीचं काय तर, ‘भिजली तर चालेल का’, ‘निळ्यात आहे का’, ‘हिला कान टोचायचेत अजून’, आणि एक आजी, ‘माझ्या आयेकडे अशीच होती.’ १४ जोड गेले, आधीपेक्षा सहा कमी. घरी जाऊन रडायची पाळी आली म्हणे, मग हिशेब केला. ३०८० आले, सामान ५६०, भाडं ८००, प्रवास २००, उरले १५२०. तासाला त्रेपन्न. त्रेपन्नसुद्धा काही फार नाहीत, हे मी तिला स्पष्ट सांगितलं, खोटी शाबासकी मला देता येत नाही. पण सोळाचे त्रेपन्न झाले ते कमी विकून, हे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं.

सगळं लगेच सुरळीत नाही झालं. मध्येच एक बाई जोड परत घेऊन आली, कान लाल झालेत, खाज येते म्हणाली, आणि ही दोन आठवडे डबाच उघडेना. झालं, मी लोकांना त्रास देते. इथे मात्र मी ‘तुला नुसतं वाटतंय’ असं म्हटलं नाही, कारण हे दुसऱ्या रकान्यातलं होतं. तोंडाने सांगितलेलं, खरं. स्वस्त हुकांत निकेल असतं आणि निकेलची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते, त्यात आपल्याकडचा घाम. तेव्हा दोष हुकाचा, आणि त्याला उपाय आहे, ९२.५ चांदीचा किंवा टायटॅनियमचा हूक, जोडीमागे खर्च वाढेल तो किमतीत धरायचा. तिने त्या बाईला फोन करून हूक बदलून दिले. न घेता गेलेली बाई आणि तक्रार घेऊन आलेली बाई या दोघी तिच्या मनात एकच होत्या, त्या वेगळ्या काढायला आम्हाला आख्खी एक भेट लागली. तक्रार करणारी तर परत आलेली असते, तिच्याशी बोलता येतं.

नातेवाईकांचं प्रकरण अजून चालू आहे. नणंद येते, ‘आपलीच ना गे, दे दोन’ म्हणते, आणि ही देते. आता एवढंच ठरलंय की लग्न-बारशाला प्रेमाने एक जोड, बाकीच्या वेळी ‘वन्स, याचे दोनशे चाळीस, तुमच्यासाठी छान पॅक करून देते’ एवढं वाक्य. अजून ते तिच्या तोंडातून निघालेलं नाही. निघेल तेव्हा निघेल, घरातला भाव बाजारातल्यापेक्षा जड असतो.

जूनमध्ये तिचा फोन आला. पावसात मेळे नाहीत, माती वाळत नाही, चार महिने हात रिकामे राहिले की डोकं परत सुरू होईल अशी भीती. म्हटलं, वही चालू ठेव, ग्राहक नसले तरी घरात कोण काय म्हणतं ते लिही. जुलैमध्ये भेटायला आली तेव्हा वही पुढे केली. ‘मला वाटलं’ खाली लिहिलेलं, सासूबाई बघत होत्या, आता म्हणणार एवढा पसारा कशाला. शेजारी ‘प्रत्यक्षात म्हणाल्या’ खाली एकच ओळ होती.

‘सोडणं भिजतील गे, आत घे.’