इपीबीएक्समध्ये (कंपनीतल्या आतल्या फोनच्या एक्स्चेंजमध्ये) इमर्जन्सी कॉलच्या प्रायॉरिटीसाठी जादा पैसे मोजावेत का?

मोजावेत. आणि त्यातून एकही एक्स्टेन्शन (आतला फोन) वगळू नका.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल खात्यात होतो, इपीबीएक्स माझ्याकडेच. बिल वाढतं म्हणून अकाउंट्सच्या साहेबांनी मिल आणि बॉयलिंग हाऊसच्या फोनवरून बाहेरचे कॉल बंद करायला लावले. निदान 108 तरी चालू ठेवा, असं मी लेखी दिलं. ‘कामगार गप्पा मारत बसतील,’ हे उत्तर! 108 ला पैसेच पडत नाहीत, तर गप्पांचं बिल कुठून येणार होतं?

ऐन हंगामात, रात्रपाळीला वाफेच्या लाइनचं गॅस्केट उडालं आणि एका फिटरचे दोन्ही हात भाजले. पत्र्याखाली मोबाईलला रेंज नाही. हेल्परनं बाहेरच्या लाइनसाठी 0 लावून 108 फिरवला, तर नुसता एंगेज टोन. टाइम ऑफिसला कळवलं, तिथून बाहेरच्या सगळ्या लाइन बिझी. शेतकी खात्याची माणसं ऊसतोड टोळ्या आणि ट्रॅक्टरवाल्यांशी बोलत होती. शेवटी पोरगं गेटपर्यंत पळालं आणि एका ट्रॅक्टरवाल्याच्या मोबाईलवरून फोन लागला. फिटर वाचला. पण मधला वेळ गेला तो त्या कॉलबंदीपायी आणि भरलेल्या लाइनपायी, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

म्हणून विक्रेत्याला विचारा: कॉलबंदी असली तरी 108 आणि 112 सुटतात का, तेही आधी 0 न लावता? लाइन भरलेल्या असल्या तर चालू कॉल तोडून ट्रंक (बाहेरची लाइन) मिळते का? साहेबांचा कॉल तुटला तर तुटू द्या. ही सोय नसेल तर एक ट्रंक राखीव ठेवा. फोन कुठल्या एक्स्टेन्शनवरून गेला ते गेटवर दिसलं पाहिजे, कारण बाहेर बहुतेक वेळा मुख्य नंबरच दिसतो आणि ॲम्ब्युलन्स गेटवर येऊन थांबते.

हे लाड नव्हेत. 2013 मध्ये टेक्सासच्या एका हॉटेलात आईवर हल्ला होत असताना 9 वर्षांची मुलगी 911 (तिकडचा इमर्जन्सी नंबर) लावत राहिली. बाहेरच्या लाइनसाठी आधी आणखी एक 9 लागतो हे तिला ठाऊक नव्हतं. आई गेली. 2018 मध्ये अमेरिकेनं थेट 911 लागलाच पाहिजे असा कायदा केला.

एक राहिलं: वीज गेली तर यातलं काहीच चालत नाही. इपीबीएक्स यूपीएसवर घ्या, लाइन इंटरनेटवरून असेल तर राउटरसुद्धा.