नवऱ्याला नकळत दारू सोडवायचं औषध जेवणातून द्यावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर रोज पितात, डॉक्टरकडे यायला तयार नाहीत, म्हणून जाहिरातीतली पावडर गुपचूप आमटीत घालायचा विचार आहे. कृपा करून घालू नका. आमच्या घरी हे घडलंय.

आईने कुणीतरी आणून दिलेल्या गोळ्यांची पूड वडिलांच्या आमटीत घातली. संध्याकाळी ते पिऊन आले आणि थोड्याच वेळात चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या. सगळ्यांना वाटलं हार्ट अटॅक. आईने दवाखान्यात रडत रडत खरं सांगितलं, म्हणून निभावलं. वडील वाचले, पण पुढे कितीतरी दिवस तिने वाढलेलं ताट ते हुंगून मग जेवायचे.

त्या गोळ्या डायसल्फिरामच्या होत्या. दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनतं आणि मग त्याचा निचरा होतो. ही गोळी तो निचराच अडवते. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम होऊ शकतो, आणि हृदयविकार असेल तर जिवावर बेतू शकतं. औषध वाईट नाही. पण ते पिणाऱ्याने स्वतः समजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचं असतं. जाहिरातीतल्या पुडीत तर नक्की काय आहे, हेही तुम्हाला कळणार नाही.

‘आजपासून बंद’ असा हट्टही धरू नका. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावलेला असतो. ती एकदम तुटली की काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काही जणांना नसलेली माणसं, किडे दिसू लागतात. अशा वेळी घरी थांबायचं नाही, थेट रुग्णालयात न्यायचं. माझ्या वडिलांना नंतर रीतसर दाखल केलं, तेव्हा ग्लुकोजच्या सलाइनआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं होतं. फार पिणाऱ्यांच्या शरीरात ते कमी पडतं आणि त्याने मेंदूला इजा होते. हे घरी कुणाला सुचणार?

ते येत नसतील तर आधी तुम्ही जा. १४४४६ हा सरकारी मोफत हेल्पलाइन नंबर आहे. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा असतात. आई तिथे एकटीच जाऊ लागली. ‘साहेब, आज त्यांना ताप आहे’ असे वडिलांच्या ऑफिसात फोन करणं तिने बंद केलं. नोकरी जायची वेळ आली तेव्हा वडीलच म्हणाले, “तू जातेस तिथे मलाही ने.”