वाचकांचे प्रश्न: दोन कौन्सुल, एक रोम

प्रश्न: रोमन प्रजासत्ताकात एका वेळी दोन कौन्सुल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, असत आणि दोघांचे अधिकार सारखेच, असे वाचले. मग दोघांचे पटले नाही तर कारभार चालायचा कसा?

उत्तर: ‘हो’ आणि ‘नाही’ यांना तिथे सारखे वजन नव्हते, ही यातली मेख आहे. एका कौन्सुलने हुकूम काढला आणि दुसऱ्याने हरकत घेतली, की हुकूम तिथेच थांबे. दरवेळी दुसऱ्याची संमती मात्र लागत नसे. तो गप्प राहिला तरी भागत असे. शिवाय कामाची वाटणी अशी, की आमनेसामने येण्याची वेळ कमी यावी. शहरात महिन्याआड पाळी असे. ज्याचा महिना, त्याच्यापुढे १२ लिक्टर (मानाचे रक्षक) खांद्यावर काठ्यांच्या मोळ्या घेऊन चालत. मोहिमांची क्षेत्रे सिनेट ठरवी आणि कोणते कोणाकडे, हे बहुधा चिठ्ठ्या टाकून ठरे. दोघे एकाच सैन्यावर असले, तर सेनापतिपद दिवसाआड बदले. यातला धोका उघड आहे. इ.स.पू. २१६ मध्ये कान्नी येथे दोन कौन्सुलांपैकी पॉलस लढाई टाळू पाहत होता, पण दुसऱ्याची, वॅरोची, पाळी आली आणि त्याने सैन्य मैदानात उतरवले. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने ते जवळजवळ कापून काढले.

प्रश्न: ट्रिब्यूनचा, म्हणजे सामान्य लोकांच्या रक्षणासाठी निवडलेल्या अधिकाऱ्याचा, नकाराधिकार याहून वेगळा होता का?

उत्तर: बराच वेगळा, आणि माझ्या मते जास्त धारदार. ट्रिब्यून १० असत आणि त्यांतला एकटाही कौन्सुलला, सिनेटला किंवा आपल्याच सहकाऱ्याला अडवू शके. अट एवढीच, की त्याने स्वतः हजर राहून तोंडाने नकार द्यायचा. चिठ्ठी पाठवून चालत नसे. हा अधिकार शहर आणि त्याबाहेर एक रोमन मैल एवढ्यापुरताच होता. म्हणून ट्रिब्यूनला रात्री रोमबाहेर मुक्काम करायला मनाई होती आणि त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे ठेवावे लागे. त्याच्यावर हात टाकणे हे पाप मानले जाई.

आता हे बिघडले कसे, ते पाहा. इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकसचा जमीनवाटपाचा कायदा सभेत वाचला जाऊ लागला, तेव्हा ऑक्टेव्हियस या सहकारी ट्रिब्यूनने वाचन थांबवले. नकारावर नकार चालत नाही, म्हणून टायबेरियसने ऑक्टेव्हियसलाच पदावरून काढण्याचा ठराव मांडला. मतदान गणांनुसार, म्हणजे नागरिकांच्या गटांनुसार, होई. एकूण ३५ गण. १७ गणांची मते ऑक्टेव्हियसच्या विरोधात पडली. बहुमताला एकच गण कमी असताना टायबेरियसने मतदान थांबवले, ऑक्टेव्हियसला मिठी मारली, हात जोडले. तो बधला नाही. अठराव्या गणाने निकाल लावला. वर्षभरासाठी निवडलेला ट्रिब्यून मध्येच काढता येतो, हे त्या दिवशी लोकांनी पाहिले, आणि नकाराधिकाराची भीती तिथेच ओसरली.

प्रश्न: या पदांना पगार किती असे?

उत्तर: अजिबात नसे. एडाइलला (शहराची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) तर सार्वजनिक खेळांसाठी खिशातून पैसे घालावे लागत, कारण पुढच्या निवडणुकीत लोक तेच आठवत. त्यासाठी काढलेले कर्ज पुढे प्रांताचा कारभार हाती आल्यावर तिथल्या रहिवाशांकडून वसूल करण्याचा मोह अनेकांना आवरला नाही. ही लूट इतकी वाढली, की इ.स.पू. १४९ मध्ये रोमला तिच्यासाठी कायमचे न्यायालय नेमावे लागले.