साडेतीन वर्षांची मुलगी भरवल्याशिवाय जेवत नाही, कपडे घालत नाही. जूनमध्ये शाळा आहे. तिला स्वावलंबी कसं करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की सोलापुरात एकत्र कुटुंब आहे, सासूबाई भरवतात आणि शाळा सुरू व्हायच्या आत मुलीला सगळं यायला हवंय. सगळं एकदम काढू नका. आधी जेवण धरा.

ताटात भाकरी असणार हे धरून चालते. कडक भाकरी मात्र नको. ती मोडते कशीही, टोक हिरडीला टोचतं आणि पोरगी ताट सरकवते. तव्यावरची मऊ भाकरी द्या, तीही चतकोर. आणि आता भांडणाचा मुद्दा: "डावा हात ताटाला लावू नकोस." एका हाताने भाकरी मोडणं ही मोठ्या माणसाची कसरत आहे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाने भाकरी दाबायची, त्याच वेळी अंगठा आणि तर्जनीने तुकडा ओढायचा. साडेतीन वर्षांच्या हाताला हे जमत नाही. मग लेकरू हात गुंडाळून बसतं आणि आपण म्हणतो आळशी आहे. दोन्ही हात धुवा आणि दोन्ही वापरू द्या. रीत नंतर शिकवता येते.

पहिले चार-पाच दिवस भाकरीला तुम्ही अर्धवट चीर द्या, शेवटचा ओढा तिचा. मग चीर लहान करत जा. डाळ घट्ट हवी. पातळ आमटी कोपरापर्यंत ओघळते आणि तिथंच जेवण संपतं. ताट काठाचं घ्या, खाली ओला टॉवेल घाला म्हणजे सरकणार नाही (टॉवेलांना आपल्या गावात काय तोटा?). ती पाटावर बसली तर ताट दुसऱ्या पाटावर ठेवा. ताट जमिनीवर असलं की घासाचा प्रवास लांबतो आणि निम्मा घास मांडीत पडतो.

पंचवीस मिनिटं झाली की ताट उचला. पुढचे दोन तास बिस्कीट नाही, दूध नाही. घोळ होतो तो इथंच. चार घास खाऊन ती उठते आणि मागून कुस्करलेल्या भाकरीची वाटी घेऊन आजी निघतात. मग हात कशाला चालवायचा, हे तिला दोन दिवसांत कळतं. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना काम द्या: त्यांचं ताट तिच्या समोर, त्याच वेळी. स्वतः जेवणाऱ्या माणसाला भरवायला हात मोकळा राहत नाही.

पाण्याचं म्हणाल तर, ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथं सांडलं की घरातलं कुणीतरी ओरडणारच. म्हणून ओतायचा सराव ज्वारीवर करा. दोन छोटे तांबे, एक अर्धा भरलेला, खाली परात. सांडलेले दाणे तिनेच चिमटीने वेचायचे. हात स्थिर झाला की मग पाणी.

कपड्यांत शेवटची पायरी आधी शिकवा. चड्डी गुडघ्यापर्यंत तुम्ही चढवा, वर ती ओढेल. बटण तुम्ही काजातून अर्धं काढा, पुढे ती ओढेल. सुरुवात खालच्या बटणापासून, कारण गळ्याजवळचं तिला दिसतच नाही. नव्या फ्रॉकची काजं घट्ट असतात, सरावाला जुना घ्या.

या चिमटीवरून एक जुनं भांडण आठवलं. बालवाडीत तिसऱ्या वर्षी पेन्सिल हातात देत नाही म्हणून आई-वडील अजूनही रागावतात. अहो, भाकरी मोडणारी, दाणा वेचणारी, बटण ओढणारी बोटंच उद्या पेन्सिल धरणार आहेत. २०२० च्या शिक्षण धोरणानेही ३ ते ८ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिलाय. तरी घरी भरवायचं आणि शाळेत एबीसीडी गिरवून घ्यायची, हा उलटा कारभार चालूच आहे.

शी-शूचं शाळेत विचारतील: इलॅस्टिकची चड्डी आणि घरात ठरलेल्या वेळा, एवढं पुरे.

दोन गोष्टी राहिल्या. ज्वारी देऊन उठून जाऊ नका, दाणे नाकात-कानात जातात. अख्खे शेंगदाणे या वयात नकोत, ठसका लागून श्वासनलिकेत अडकतात. चटणी बारीक कुटलेली चालेल. आणि घट्ट काहीही तोंडात गेलं की तिला रोज ओकारी येते, किंवा एक हात अजिबातच वापरत नाही, असं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तिथं वरचं काही लागू नाही.