पोलादाचं रेडिएशन डॅमेज संगणकावर खरंच कळतं का?

तुमचा प्रश्न असा, की मॉलिक्युलर डायनॅमिक्सने (प्रत्येक अणूची हालचाल संगणकावर पावलापावलाने मोजायची पद्धत) अणुभट्टीतल्या पोलादाचं नुकसान कळतं, की नुसती रंगीत चित्रं निघतात? मी मुंबईत बसून हेच करतो, म्हणून सांगतो. न्यूट्रॉनच्या टकरीनंतरच्या पहिल्या वीसेक पिकोसेकंदांचं (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) कळतं, भट्टीच्या चाळीस वर्षांचं नाही.

संगणकातलं माझं नेहमीचं खोकं म्हणजे शुद्ध लोखंडाचे सव्वादहा लाख अणू, बाजू जेमतेम २३ नॅनोमीटर. न्यूट्रॉन त्यात नसतोच. त्याची टक्कर म्हणून एका अणूला १० हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट द्यायचे आणि सोडायचा. मधला भाग क्षणभर वितळल्यासारखा होतो, मग बहुतेक अणू कुठल्या ना कुठल्या मोकळ्या जागेवर परत बसतात. ज्यांना जागा मिळत नाही, त्यांचे दोष होतात: एक रिकामी जागा आणि एक जादा अणू. १९७५ च्या एनआरटी सूत्राने (ऊर्जेवरून दोष मोजणारं सूत्र) इथे शंभर दोष यायला हवेत. सिम्युलेशनमध्ये त्याच्या साधारण एक तृतीयांश उरतात. मला विचाराल तर या पद्धतीची खरी कमाई हीच.

उरलेला जादा अणू कसा राहतो? लोकलमधली चौथी सीट आठवा. इथे तर हाल आणखी वाईट, एकाच जागेवर दोघं, ११० दिशेला (जाळीतल्या घनाच्या पृष्ठाच्या कर्णाला समांतर) अंग चोरून.

आता माझी फजिती. पहिल्यांदा टाइमस्टेप, म्हणजे हिशोबातलं वेळेचं एक पाऊल, नेहमीसारखी १ फेमटोसेकंद (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) ठेवली, रन लावला आणि शेवटची कर्जत पकडली. सकाळी बघतो तर तापमान लाखांत! तो अणू सेकंदाला सुमारे १८६ किलोमीटर धावतो, म्हणजे एका पावलात १.८६ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे अँगस्ट्रॉम). शेजारी २.४८ वर. पाऊल टाकताच तो शेजाऱ्याच्या उरावर. सुरुवातीला पाऊल शंभरपट लहान हवं, किंवा वेगाप्रमाणे आपोआप बदलणारं.

पोटेन्शियल, म्हणजे अणूंमधलं बल ठरवणारं सूत्र, मात्र डोळे झाकून घेऊ नका. ईएएम हे धातूंसाठीचं पोटेन्शियल जाळीच्या नेहमीच्या अंतरांना बरं चालतं, जवळच्या टकरीसाठी त्याला झेडबीएल (अगदी जवळ आलेल्या अणूंमधलं प्रतिकर्षण सांगणारं सूत्र) जोडावं लागतं, आणि तो सांधा कसा जोडलाय त्यावर दोषांची संख्या हलते. क्रोमियम, निकेल आले की डोकेदुखी वाढते. जुन्या प्रेशर व्हेसलमध्ये तांब्याचे कण जमून पोलाद ठिसूळ होतं, ते तर वर्षानुवर्षं चालणारं काम, इथे दिसणारच नाही. त्यासाठी हेच दोष कायनेटिक मॉन्टे कार्लोला (अणूंच्या उड्या संभाव्यतेने निवडून लांबच्या काळाचा हिशोब करणारी पद्धत) द्यायचे.

सुरुवात २ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टने करा, घरच्या डेस्कटॉपवर होतं. एकाच रनवर विसंबू नका, दिशा बदलून दहा-वीस तरी लावा. आकडे बरेच वरखाली होतात.