रानस्ट्रॉबेरी: वेल, झुडूप की रोप?

युरोपातील वनस्पतींवरच्या मजकुराचे मराठी करताना एका अनुवादिकेने ‘फ्रॅगारिया व्हेस्का’साठी ‘जंगली स्ट्रॉबेरीचा वेल’ असे लिहिले आणि तपासणाऱ्याने ‘वेल’ खोडून ‘झुडूप’ केले. यांपैकी बरोबर काय, आणि ‘जंगली’ हे विशेषण चालेल का, असा तिचा प्रश्न आहे.

माझ्या मते दोन्ही शब्द चुकतात. येथे ‘रोप’च हवे. झुडपाला काष्ठमय फांद्या असतात, आणि ही वनस्पती तर जेमतेम वीतभर उंचीची व मऊ देठांची आहे. ‘वेल’ का सुचला असेल हे मात्र समजते, कारण मराठीतला वेल चढलाच पाहिजे असे नाही. रताळ्याचा वेल जमिनीवरच पसरतो. तरीही वेलाचे लांबत जाणारे खोड हेच त्याचे मुख्य अंग असते आणि पाने, फुले, फळे त्याच्याच पेरांवर येतात. स्ट्रॉबेरीचे मुख्य खोड अगदी आखूड, मातीलगत असते. तीन-तीन पर्णिकांची पाने आणि पांढऱ्या फुलांचे दांडे तेथूनच वर येतात, तर पानाच्या बगलेतून निघणारी दोऱ्यासारखी फांदी जमिनीवरून सरपटत जाऊन साधारणपणे एक पेर सोडून पुढच्या पेराशी मुळे धरते, तेथे नवे रोप उभे राहते आणि ते स्वतःच्या मुळांवर जगू लागले की मधला दुवा वाळून जातो. वेल पसरतो तेव्हा एकच वनस्पती लांबते. येथे एकीच्या अनेक होतात. या फांदीला ‘धावते खोड’ म्हणावे. महाबळेश्वर-पाचगणीकडचे शेतकरी तिला सरळ ‘रनर’ म्हणतात आणि मातृरोपाला फुटलेल्या अशा रनरांपासूनच लागवडीची रोपे तयार करतात. शिवाय याच जातीचा आल्प्समधला एक प्रकार धावती खोडे जवळजवळ काढतच नाही व बियांपासून वाढवला जातो. त्याला वेल म्हणणे तर अगदीच विसंगत होईल.

‘जंगली’ चुकीचे नाही, पण मराठीची जुनी सवय ‘रान’ जोडण्याची आहे: रानहळद, रानकेळ, रानद्राक्ष. म्हणून ‘रानस्ट्रॉबेरी’ असा एकच शब्द लिहावा. मात्र रान लागले म्हणजे ते लागवडीतल्या पिकाचे मूळ रूप, असे समजू नये. रानहळद हळदीच्याच प्रजातीतली (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातली, ‘जीनस’मधली) आहे, पण रानकेळ केळीच्या कुळातली असूनही तिची प्रजाती निराळी आहे. येथेही तसाच धोका आहे. आपण खातो ती स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात युरोपातल्या बागांत, उत्तर अमेरिकेतली एक जात आणि चिलीतली एक जात यांच्या संकरातून निर्माण झाली. चिलीतली रोपे फ्रेझिए या फ्रेंच अधिकाऱ्याने 1714 साली फ्रान्समध्ये आणली होती. या संकरात गुणसूत्रांचे आठ संच असतात, तर ‘व्हेस्का’त दोनच. तेव्हा ‘रानस्ट्रॉबेरी’ म्हणताना ‘महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची रानटी अवस्था’ असा अर्थ मजकुरात शिरू देऊ नये.

हिमालयात ‘फ्रॅगारिया न्युबिकोला’ ही दुसरी जात आढळते; तिच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘मेघवासिनी’ असा होतो, आणि मला ते नाव फार आवडते. नेपाळीत अशा रानस्ट्रॉबेरीला ‘भुइँ ऐँसेलु’ म्हणतात. ऐँसेलु हे काटेरी झुडपावर येणारे पिवळे फळ, आणि हे त्याचे भुईलगतचे रूप. आपल्या भुईआवळीत, भुईचाफ्यात हीच दृष्टी आहे, आणि वाढण्याची सवय सांगायला ‘भुई’ हा शब्द ‘वेल’पेक्षा किती तरी नेमका आहे. अनुवादात वर्णन करताना ‘भुईसरपट वाढणारे रोप’ असे म्हणता येईल.

मूळ मजकुरात फुले पिवळी असल्याचा उल्लेख असेल, तर मात्र ‘रानस्ट्रॉबेरी’ लिहू नये. ती ‘पोटेंटिला इंडिका’ असण्याची शक्यता अधिक. फळ तसेच लाल, पण बेचव, आणि वनस्पतीची प्रजाती वेगळी.