तुमचे प्रश्न: कॅनव्हास कोटींत, मग कागदावरचं चित्र कमी दर्जाचं का?

प्रश्न: नमस्कार ताई, मुंबईतल्या एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं कागदावर शाईने केलेलं छोटं चित्र आलंय, १९८० च्या दशकातलं. ते आपल्या नागपुरात जन्मले म्हणून माझा फार जीव अडकलाय त्यात, बचतही बरीच साठवलीये. पण मिस्टर म्हणतात कॅनव्हास कोटींत जातात, हे त्यामानाने स्वस्त म्हणजे दुय्यमच असणार. खरंय का? आणि बोली लावायच्या आधी काय बघू?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर: दुय्यम अजिबात नाही हो, हे मी अगदी मनापासून सांगते. २०१३ मध्ये मुंबईत क्रिस्टीज या लिलाव कंपनीच्या लिलावात गायतोंडेंचा एक कॅनव्हास २३.७ कोटींना गेला तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात तोच आकडा बसलाय, पण १९८४ च्या अपघातानंतर त्यांना मोठे कॅनव्हास झेपेनात आणि मग त्या काही वर्षांत त्यांनी कागद आणि शाई घेतली, म्हणजे हात थांबला नाही, फक्त जागा लहान झाली. त्या रेषा बघा, लिपीसारख्या वाटतात पण वाचता येत नाहीत, मला त्या त्यांच्या रंगांइतक्याच आवडतात. भाव कमी असतो तो आकारामुळे आणि कागद नाजूक म्हणून.

आणि खरी काळजी त्या नाजूकपणाचीच करा. माझ्याकडे एक शाईचं स्केच होतं, बेडरूममध्ये कूलरच्या समोरच्या भिंतीवर लावलेलं, बाहेर ४५ डिग्री आणि आत खसचा ओलावा, दोन उन्हाळे गेले आणि फ्रेम उघडली तर कागदावर चहाचे शिंतोडे उडावेत तसे तपकिरी ठिपके, आणि माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड कागदी पट्टीच्या, कडेने एक पिवळी चौकट उमटलेली, कारण फ्रेमवाल्याने मागे साधा पुठ्ठा आणि सेलोटेप लावली होती. इतकं वाईट वाटलं, ते डाग अजून तसेच आहेत. म्हणून लिलाववाल्यांकडून कंडिशन रिपोर्ट मागवाच, त्यात ठिपके, घड्या, टेपचे डाग, शाई फिकी झालीये का हे लिहिलेलं असतं, आणि चित्र आधी कोणाकोणाकडे होतं, कुठे छापून आलं होतं तेही विचारा, नुसत्या सहीवर जाऊ नका.

पैशाचं म्हणाल तर कॅटलॉगमधला अंदाज म्हणजे शेवटची किंमत नव्हे. १० लाखांना हातोडा पडला, म्हणजे बोली तिथे थांबली, आणि प्रीमियम, म्हणजे लिलाववाले वरून घेतात ते कमिशन, २०% असेल तर १२ लाख झालेच, वर जीएसटी, पॅकिंग, वाहतूक. तुमचा वरचा आकडा हे सगळं धरून आधीच कागदावर लिहून ठेवा.

घरी आणलंत तर ॲसिड-फ्री माउंट (कागद पिवळा न पाडणारा), यूव्ही काच (उजेडातले अतिनील किरण अडवणारी), आणि कूलरच्या खोलीत नाहीच, बाहेरच्या भिंतीवरही नको, पावसाळ्यात ती ओल धरते.

अन् हो, फोनवर फोटो बघून ठरवू नका बापा! लिलावाआधी चित्रं बघायला ठेवतात, विदर्भ एक्सप्रेसने एका रात्रीत मुंबई, मिस्टरांनाही घेऊन जा, आणि तिथल्या माणसाला मागची बाजू दाखवा म्हणून सांगा.